वायुनळाच्या वळणावर

शहरांतील पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा गॅस आतां नळानें येतो. बटण फिरवावें, ठिणगी पाडावी, कीं निळी ज्योत हजर! ही सोय आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे, कीं तो वायु कोठून येतो आणि कोणत्या वाटेनें येतो, याचा विचार सहसा मनांत येत नाहीं. त्या लांबच लांब वाटेंतील एका लहानशा भागाविषयीं आज मला बोलावयाचें आहे. तो भाग म्हणजे नळाचें वळण.

नळ वळला म्हणजे त्यांतील वायूहि वळणारच. त्यांत सांगण्यासारखें तें काय, असें कोणी विचारील. परंतु वळणावर वायु नुसता वळत नाहीं. तो पीळ घेतो. आणि त्याच्या सोबतीला थोडें जरी पाणी किंवा तेल असलें, तरी त्या दोघांत नळांतील जागेविषयीं चढाओढ सुरू होते. या चढाओढींत कोण कोणत्या भिंतीला लागतो, यावर नळाचें आयुष्य अवलंबून असतें. आणि नळाजवळ राहणाऱ्या माणसांचेंहि, हें पुढें दिसून येईल.

प्रथम, वायूच्या सोबतीला पाणी येतें कोठून तें पाहूं. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर अरबी समुद्राच्या तळाखालीं 'बॉम्बे हाय' या नांवाचें तेलक्षेत्र आहे. तें १९७४ सालीं सांपडलें आणि १९७६ पासून तेथील तेल काढण्यास प्रारंभ झाला. तेलाबरोबर वायूहि निघतो, आणि समुद्राच्या तळावर टाकलेल्या नळांतून तो उरणच्या कारखान्यांत येतो. याच समुद्रांतील वसई क्षेत्राचा वायु गुजराथेंतील हजिऱ्यास जातो. भूगर्भांतून निघालेला हा वायु आपल्या शेगडींतल्या वायूसारखा निर्मळ नसतो. त्यांत मुख्य भाग मिथेनचा. पण त्याशिवाय पाण्याची वाफ, पेट्रोलसारख्या हलक्या तेलांची वाफ, कार्बन डाय-ऑक्साइड, कोठें कोठें हायड्रोजन सल्फाइड, आणि कधीं कधीं बारीक वाळूसुद्धां असते. विहिरींतून वर येतांना वायु ऊन असतो. समुद्रतळावरच्या थंड पाण्यांतून वाट काढीत असतां तो निवत जातो. पावसाळ्यांत थंड पाण्यानें भरलेल्या तांब्याच्या बाहेरून जसे थेंब जमतात, तसे या नळाच्या आंतून जमूं लागतात. अशा रीतीनें जो नळ केवळ वायूचा म्हणून टाकला, त्यांत वायु आणि द्रव असे दोन प्रवासी एकत्र येतात.

या दोघांचें वळणावरचें वर्तन समजण्यासाठीं अगोदर एकट्याचें वर्तन समजून घेतलें पाहिजे. त्याकरितां प्रयोगशाळेची जरुरी नाहीं; चहाचा पेला पुरे. पेल्यांत थोडी चहाची पत्ती राहूं द्यावी आणि चमच्यानें चहा गोल ढवळून चमचा बाहेर काढावा. फिरणारी जड वस्तु बाहेर फेंकली जाते, असें आपण शाळेंत शिकलों. पत्ती चहापेक्षां जड म्हणून ती तळाशीं बसते. मग ती पेल्याच्या कडेला जमावयास हवी. प्रत्यक्षांत ती जमते बरोबर मध्यभागीं!

असें कां व्हावें? फिरणारा चहा बाहेरच्या बाजूस रेटा देतो, म्हणून कडेजवळ दाब अधिक व मध्यावर कमी होतो. वरच्या थरांत हा दाब आणि चहाची बाहेर जाण्याची ओढ यांचा तोल राहतो. परंतु अगदीं तळाजवळचा चहा पेल्याच्या बुडाशीं घासून मंद झालेला असतो. त्याचा वेग गेला म्हणजे बाहेर जाण्याची ओढहि गेली. दाब मात्र वरच्या थराकडून तसाच येत राहतो. तेव्हां तळाचा मंद चहा कडेकडून मध्याकडे ढकलला जातो आणि जातांना पत्ती घेऊन जातो. मध्यावर तो वर चढतो, पृष्ठभागाजवळून पुनः कडेकडे जातो आणि कडेनें खालीं उतरतो. मुख्य फिरण्याच्या जोडीला असा एक आडवा प्रवाह गुपचुप चाललेला असतो.

नद्यांच्या वळणांवर हीच गोष्ट घडते, हें जेम्स टॉमसन या शास्त्रज्ञानें १८७६ सालीं दाखवून दिलें. हे लॉर्ड केल्व्हिन यांचे वडील बंधु. पुढें १९२६ सालीं आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीं नद्यांच्या नागमोडी वळणांवर एक छोटासा लेख लिहिला, त्यांत चहाच्या पेल्याचाच दाखला घेतला. पंढरपुरास भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. अशा कोणत्याहि नदीच्या वळणावर पाहिलें, तर बाहेरचा कांठ खचत असतो आणि आंतल्या कांठाला वाळू सांचत असते. तळाजवळचें मंद पाणी ती वाळू ओढून आंतल्या बाजूस नेतें. पत्तीचें मध्यावर जमणें आणि वाळूचें आंतल्या कांठाला लागणें, यांचें कारण एकच.

आतां नदीच्या जागीं बंद नळ घेऊं. एक नळ जमिनीवर आडवा ठेवला आहे आणि पुढें तो डावीकडे वळतो, अशी कल्पना करा. नळाच्या मध्यभागींचा प्रवाह सर्वांत वेगवान असतो. भिंतीलगतचा घर्षणामुळें मंद असतो. वळण येतांच मध्यभागींचा वेगवान वायु बाहेरच्या, म्हणजे उजव्या भिंतीकडे सरकतो. त्यामुळें त्या भिंतीजवळ दाब वाढतो. भिंतीलगतच्या मंद वायूला तो दाब सोसत नाहीं. तो वरच्या व खालच्या भिंतींना चिकटून डाव्या बाजूस परततो. परिणाम असा होतो, कीं नळाच्या वरच्या अर्ध्यांत एक व खालच्या अर्ध्यांत एक, असे दोन भोंवरे परस्परांच्या उलट दिशेनें फिरूं लागतात. वायु पुढें तर जातच असतो. त्यामुळें त्याचा प्रत्येक कण मळसूत्रासारखी वाट चालतो.

हें दृश्य जॉन यूस्टिस या इंग्रज प्राध्यापकानें १९१० च्या सुमारास कांचेच्या वाकड्या नळ्यांत रंगीत पाण्याच्या बारीक धारा सोडून दाखविलें. सरळ नळींत जी धार सुतासारखी सरळ जाते, ती वळणांत शिरतांच आडवी सरकते आणि भिंतीला वळसा घालते. पुढें डब्ल्यू. आर. डीन या गणितज्ञानें १९२७ व १९२८ सालीं त्याचें गणित मांडलें. म्हणून या जोडभोंवऱ्यांना आज डीनचे भोंवरे म्हणतात. त्याच्या गणिताचें सार गृहिणीलाहि पटेल असें आहे. प्रवाह जितका वेगवान आणि नळाच्या जाडीच्या मानानें वळण जितकें आंखूड, तितका पीळ जोराचा. वळण संपलें म्हणजे हा पीळ तत्काळ नाहींसा होत नाहीं. पुढच्या सरळ नळांतहि तो कांहीं अंतर टिकतो. याच कारणास्तव वायु मोजण्याचें यंत्र वळणाला लागून बसवीत नाहींत. त्याच्या आधीं सरळ नळाचा एक तुकडा राखतात, नाहीं तर मापांत चूक यावयाची.

येथपर्यंत नळांत एकटा वायु होता. आतां त्याच्या सोबत्याला आंत घेऊं.

सरळ आडव्या नळांत वायु व द्रव एकत्र चालले म्हणजे त्यांच्या चालण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. दोघांचेहि वेग कमी असले, तर द्रव नळाच्या तळाशीं ओढ्यासारखा वाहतो आणि वायु त्याच्या डोक्यावरून जातो. वायूचा वेग वाढला, कीं त्या ओढ्यावर लाटा उठतात. द्रव पुरेसा असला तर एखादी लाट थेट नळाच्या माथ्याला भिडते व सगळा नळ अडवून बसते. मग मागचा वायु त्या लाटेला बुचासारखा पुढें ढकलीत नेतो. आणि वायूचा वेग फारच वाढला, तर तो द्रवाला चिरडून भिंतींवर पसरून टाकतो. तेव्हां नळाच्या आंतून द्रवाचें एक पातळ अस्तर तयार होतें आणि मधल्या पोकळींतून थेंब उडवीत वायु धांवतो. कोणत्या वेगाला कोणती तऱ्हा, याचा एक नकाशाच बेकर यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर त्यांत सुधारणा होत गेल्या.

हा प्रवास वळणापाशीं आला, कीं आपली व्यवहारबुद्धि म्हणेल: द्रव जड, वायु हलका, अर्थात् द्रव बाहेरच्या भिंतीवर जाऊन आदळणार व वायु आंतल्या बाजूनें निघून जाणार. हें अर्धें खरें आहे. जे थेंब वायूबरोबर त्याच्याच वेगानें उडत येतात, ते खरोखरीच वळूं शकत नाहींत. धांवत्या बसगाडीनें एकदम वळण घेतलें म्हणजे उभा प्रवासी जसा बाहेरच्या बाजूला कलंडतो, तसे हे थेंब सरळ जाऊन बाहेरच्या भिंतीवर आपटतात. वाळूचे कणहि तसेच. म्हणून ज्या विहिरींच्या वायूंत वाळू येते, तेथील नळांची झीज वळणाच्या बाहेरच्या अंगास अधिक होते.

परंतु भिंतीला चिकटून रांगत येणाऱ्या द्रवाची गोष्ट निराळी आहे. १९६७ सालीं बॅनर्जी, ऱ्होड्स व स्कॉट या तिघांनीं गुंडाळलेल्या नळ्यांवरील प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वायूचा वेग मोठा आणि द्रव थोडा असला, तर द्रवाचा थर बाहेरच्या भिंतीवर न राहतां उलट आंतल्या भिंतीवर जाऊन बसतो, असें त्यांना आढळलें. जड पदार्थ आंत आणि हलका बाहेर! चहाच्या पत्तीचेंच हें दुसरें रूप.

थोडें अंकगणित केलें म्हणजे यांतील आश्चर्य ओसरतें. वळणावर बाहेरच्या बाजूस पडणारा रेटा केवळ जडपणावर ठरत नाहीं. घनतेला वेगाच्या वर्गानें गुणावें लागतें. मोठ्या नळवाहिनींत वायु पुष्कळ दाबाखालीं असतो, आणि त्यामुळें त्याची घनता दर घनमीटरास सुमारें ५० किलोग्रॅम, म्हणजे साध्या हवेच्या जवळ जवळ चाळीसपट, होऊं शकते. असा वायु सेकंदाला १० मीटर वेगानें चालला आहे असें धरूं. ५० ला १० च्या वर्गानें, म्हणजे १०० नें, गुणलें तर ५,००० येतात. भिंतीवरचें पाणी घनतेनें १,००० किलोग्रॅम. पण तें सेकंदाला एकच मीटर रांगतें. १,००० ला एकानें गुणलें तर १,००० च राहतात. म्हणजे वीसपट हलका असूनहि वायूचा रेटा पाण्याच्या पांचपट झाला. बाहेरची बाजू बळकावतो तो वायु. आणि त्यानें तेथें निर्माण केलेला दाब मंद पाण्याला आंतल्या बाजूस लोटतो.

एवढ्यावरच थांबून मात्र चालणार नाहीं. कारण पाण्याला वजनहि आहे व तें त्याला सदैव खालीं ओढीत असतें. मग वळण जिंकतें कीं वजन? याचें उत्तर वळणाच्या त्रिज्येवर आहे. २० सेंटिमीटर व्यासाचा नळ घ्या. प्लंबर लोक ज्याला एल्बो म्हणतात, तशा ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या आंखूड वळणावर वरील वायूचा आंतल्या बाजूचा लोट पाण्याच्या वजनाच्या सुमारें पावणेदोनपट होतो. पाण्याची स्वतःची बाहेर जाण्याची ओढ त्यांतून वजा केली, तरी तो सव्वापटीहून अधिक उरतो. अशा ठिकाणीं पाणी तळ सोडून आंतल्या भिंतीवर चढतें. पण तोच नळ शेतांतून नेतांना ८ मीटर त्रिज्येनें हलकेच वळविला असेल, तर वायूचा लोट पाण्याच्या वजनाच्या जेमतेम सोळावा हिस्सा भरतो. तेथें पाणी आपला तळ सोडीत नाहीं. म्हणजे कारखान्यांतील आंखूड वळणांवर वेगाचें राज्य, आणि जमिनींत पुरलेल्या लांब वळणांवर पृथ्वीच्या आकर्षणाचें राज्य, असा साधारण नियम सांगतां येईल. जो अभियंता एका ठिकाणचा अनुभव विचार न करतां दुसऱ्या ठिकाणीं लावील, तो नळाची नको ती भिंत तपाशीत बसेल.

आतांपर्यंत आपण डावीउजवीकडील वळणें पाहिलीं. परंतु जमीन कांहीं सपाट नसते. टेंकडी, ओढा, नदी ओलांडतांना नळाला वरखालींहि वाकावें लागतें, आणि धोक्याचें खरें मूळ या वाकण्यांत आहे. नळ खोलगट वाकला, कीं त्या खोलगट जागीं पाणी जमतें. वायूचा वेग पुरेसा असला, तर तो पाण्याला पुढील चढावर फरफटत नेतो. वेग कमी असला, तर पाणी थोडें चढतें आणि घसरून पुनः खालीं येतें. यावरून असें निघतें, कीं प्रत्येक वेगाला चढाची एक मर्यादा आहे. त्याहून उभा चढ आला, तर पाणी त्याच्या पायथ्याशीं मुक्काम करणारच.

हें जमलेलें पाणी दोन प्रकारांनीं घात करतें. पहिला प्रकार धसमुसळा. पाणी वाढत जाऊन नळ पुरा अडला, म्हणजे मागें वायूचा दाब सांचतो आणि एका क्षणीं तो सगळा लोट एकदम पुढें उडवितो. पुढें एखादें काटकोनाचें वळण असेल, तर त्यावर केवढा आघात बसतो तो पाहा. आपल्या २० सेंटिमीटरच्या नळांतून सेकंदाला १० मीटर वेगानें वायु वळत असतां त्या वळणाला सुमारें २२ किलोग्रॅम वजनाइतका रेटा सहन करावा लागतो. त्याच वेगानें पाण्याचा लोट आला, कीं तोच रेटा अकस्मात् ४५० किलोग्रॅमांवर जातो. असे धक्के वारंवार बसले, तर नळाचे आधार हालतात आणि जोड सैल होतात. म्हणून उरण व हजिरा यांसारख्या ठिकाणीं समुद्रांतून येणारा वायु प्रथम मोठमोठ्या नळांच्या एका जुडग्यांत सोडतात. त्यास स्लग कॅचर म्हणतात. म्हणजे द्रवाचे लोट झेलणारा. तेथें वायूचा वेग मंदावतो, द्रव तळाशीं बसतो, आणि मगच वायु पुढील यंत्रांत जातो.

दुसरा प्रकार मुकाट्याचा आहे, आणि अधिक भयंकर आहे. शुद्ध कोरडा मिथेन वायु लोखंडाला कांहींच करीत नाहीं. परंतु पाणी आलें आणि त्यांत कार्बन डाय-ऑक्साइड विरघळला, म्हणजे सोडावॉटरमध्यें असतें तेंच सौम्य आम्ल तयार होतें. पेल्यांतलें सोडावॉटर आपण घटकेंत पिऊन टाकतों. नळाच्या खोलगट भागांतलें मात्र वर्षानुवर्षें एकाच जागीं पोलादाला खात बसतें. बाहेरून नळ धडधाकट दिसतो. आंतून त्याला खड्डे पडत जातात.

अमेरिकेंत न्यू मेक्सिको राज्यांत कार्ल्सबाड या गांवाजवळ पेकोस नदी ओलांडून जाणारी ३० इंच व्यासाची एक वायुवाहिनी होती. ती १९५० सालीं टाकलेली. १९ ऑगस्ट २००० रोजीं पहांटे ती फुटली आणि वायूनें पेट घेतला. नदीवर जो पूल नळाला आधार देत होता, त्याच्याखालीं १२ माणसें सुटींत मुक्कामास उतरलीं होतीं. त्यांतील एकहि वांचलें नाहीं. सरकारी चौकशीचा निष्कर्ष मन लावून ऐकण्यासारखा आहे. नळांतील द्रव काढून घेण्यासाठीं अलीकडे एक सांठवणनळी बसविलेली होती; ती कांहीं अंशीं तुंबली होती. त्यामुळें द्रव तिला चुकवून पुढें गेला आणि जेथें नळ वाकविल्यामुळें एक खोलगट जागा झाली होती, तेथें सांचला. त्याच जागीं पोलाद आंतून खाल्लें गेलें, आणि तेथेंच नळ फुटला. म्हणजे वायूचें वळण आणि द्रवाची वस्ती यांचा हा हिशेब केवळ कागदावरचा नव्हता. त्या अपघातानंतर २००२ सालीं अमेरिकेंत नवा कायदा झाला आणि दाट वस्तीजवळच्या वायुवाहिन्यांची ठराविक मुदतीनें तपासणी करणें बंधनकारक ठरलें.

आपल्या देशालाहि हा धडा मिळाला आहे. आंध्र प्रदेशांत गोदावरीच्या मुखाजवळील नगरम् या गांवीं २७ जून २०१४ रोजीं पहांटे १८ इंची वायुवाहिनी फुटून आगीचा लोळ उठला. वीसाहून अधिक लोक त्यांत मरण पावले. घरें, नारळाचीं झाडें, गुरें होरपळलीं. जी वाहिनी कोरड्या वायूसाठीं होती, तींतून ओला वायु जात होता, आणि पाण्यानें नळ आंतून गंजला होता, असें चौकशींत निष्पन्न झालें. या दोन्ही ठिकाणीं वायूच्या मानानें पाणी अगदीं थोडें होतें. घात झाला तो पाण्याच्या प्रमाणामुळें नव्हे, तर तें कोठें जाऊन राहतें याकडे लक्ष न गेल्यामुळें.

मग उपाय काय? पहिला व सर्वांत चांगला उपाय वायूला प्रवासास निघण्यापूर्वींच कोरडा करण्याचा. ग्लायकॉल नांवाचा एक दाट द्रव पाणी शोषून घेतो; त्याच्याशीं वायूची गांठ घालून देतात. दुसरा उपाय नळ आंतून पुसून काढण्याचा. नळाच्या आंत घट्ट बसेल असा एक दट्ट्या वायूच्याच दाबानें एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे पाठवितात. वाटेंतील पाणी तो पुढें लोटीत नेतो. त्याला इंग्रजींत पिग, म्हणजे डुक्कर, असें विनोदी नांव आहे. याच दट्ट्याची एक शहाणी जात आहे; ती जातां जातां नळाची जाडी मोजून ठेवते. परंतु हा दट्ट्या आंखूड वळणांतून जाऊं शकत नाहीं. म्हणून नव्या वाहिन्यांचीं वळणें सैल ठेवतात. त्यांची त्रिज्या बहुधा नळाच्या व्यासाच्या तिपटीहून कमी नसते. कार्ल्सबाडच्या जुन्या नळांत त्या ठिकाणीं असा दट्ट्या पाठविण्याची सोय नव्हती, हेंहि येथें ध्यानांत घेतलें पाहिजे.

जेथें दट्ट्या जाऊं शकत नाहीं, तेथें गणित मदतीला येतें. वाहिनीच्या मार्गाचे सर्व चढउतार मोजतात, वायूच्या वेगावरून मघां सांगितलेली चढाची मर्यादा काढतात, आणि त्याहून उभा चढ पहिल्यानें कोठें येतो तें पाहतात. पाणी असेल तर तें तेथें सांपडण्याचा संभव सर्वांत अधिक. मग तेवढीच जागा खणून तपासली, तर शेकडो किलोमीटर नळ उकरावा लागत नाहीं. वाळूच्या उपद्रवासाठींहि एक साधी युक्ति आहे. गोल वळणाऐवजीं इंग्रजी टी या अक्षरासारखा जोड बसवितात व त्याचें समोरचें टोंक बंद ठेवतात. त्या बंद टोंकांत अडकून राहिलेला वायु व द्रव यांची गादी होते. येणारी वाळू भिंतीऐवजीं त्या गादीवर आपटते.

आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येणारा वायु हे सर्व संस्कार झालेला, कोरडा आणि अगदीं थोड्या दाबाचा असतो. तो मुळांत वासरहित. गळती झाली तर नाकाला समजावी म्हणून त्यांत उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें. तेव्हां हें भाषण ऐकून कोणीं घरांतील नळाकडे भयानें पाहूं नये. वास आला तर मात्र ज्योत न पेटवितां, विजेचें बटण न दाबतां, खिडक्या उघडून कंपनीस कळवावें.

भय घरांतल्या नळाचें नाहीं. जागरूकता हवी ती गांवाबाहेरून, शेतांतून, नदीवरून जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांविषयीं. त्यांच्या मार्गावर खुणेचे खांब उभे केलेले असतात. त्यांच्या आसपास विचारल्याशिवाय खणूं नये, आणि त्यांच्यावर घर बांधूं नये. शिवाय त्या वाहिनीशेजारीं राहणाऱ्या नागरिकांना दोन प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. या नळांतून जाणारा वायु कोरडा आहे काय? आणि याचा खोलगट भाग शेवटचा केव्हां तपासला? हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाहीं. चहाच्या पेल्यांतली पत्ती मध्यावर कां जमते, एवढें ज्याला समजलें आहे, त्याला या प्रश्नांचें महत्त्वहि समजेल.